जुन्या गाडीला नवं तेल



गेल्या रविवारी सांगलीहून पुतण्याचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, पावसापाण्याचं बोलून झालं, आणि मग हळूच मूळ मुद्दा बाहेर आला. "काका, माझ्या गाडीचे सव्वा लाख किलोमीटर झाले. गॅरेजवाला म्हणतो, आता या वयात सिंथेटिक ऑइल घालू नका, इंजिन गळायला लागेल. ऑफिसातला मित्र म्हणतो, सिंथेटिकच घाल, इंजिन नव्यासारखं होईल. तुम्ही घातलंय ना? मग मी काय करू?"

आयुष्यभर मी मराठी आणि इतिहास शिकवला. इंजिन ऑइलवर माझा सल्ला कुणी मागेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण प्रश्न बरोबर माणसाला विचारला होता, कारण या तेलापायी मी एकदा चांगला धडा शिकलो आहे. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. "लिहून कळवतो," म्हणालो. तर हे ते लिहिणं. पुतण्यासाठी आहेच, पण ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्या सगळ्यांसाठीही आहे.

आमची गाडी म्हणजे २००६ सालची वॅगन आर. नोकरीची तीन वर्षं राहिली होती तेव्हा शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली. पहिली आणि बहुधा शेवटची. त्याच पतपेढीने दिलेल्या एका डायरीत मी पहिल्या दिवसापासून गाडीचा हिशेब लिहीत आलो. ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला, वरून किती भर घातली, सगळं. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी काढून पुसायची, पुन्हा घालून बघायची आणि डायरीत नोंद करायची. ही माझी सवय घरात चेष्टेचा विषय होती. "मुलांच्या वह्या तपासायच्या संपल्या, आता गाडीची वही," असं ही म्हणायची.

२०१८ च्या दिवाळीत मुलगा मिशिगनहून आला. गाडीचे तेव्हा १,१८,००० किलोमीटर झाले होते. त्याने डायरी चाळली आणि म्हणाला, "बाबा, अजून तुम्ही २०डब्ल्यू-४० घालताय? आमच्याकडे सगळे सिंथेटिक घालतात. दहा हजार किलोमीटर बदलायला नको." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ५डब्ल्यू-३० चा डबा घेऊन आला.

आमचा मेकॅनिक माझा जुना विद्यार्थी. दहावीत इतिहासात काठावर पास झालेला, पण इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखणारा. तो डबा बघून म्हणाला, "सर, नका या भानगडीत पडू. हे पाण्यासारखं पातळ असतंय. जुन्या इंजिनात घातलं की सगळ्या सिलांमधनं बाहेर येतंय. आणि एकदा घातलं की परत साधं चालत नाही, दोन्ही एकत्र झाली की दही होतंय." आमच्या हिने तिसरा मुद्दा काढला, "अहो, सिंथेटिक म्हणजे नकलीच ना? दूध सिंथेटिक म्हटलं तर आपण फेकून देतो."

मुलगा इंजिनिअर, मेकॅनिक अनुभवी, बायको व्यवहारी. यात कोणाचं ऐकायचं? मी मुलाचं ऐकलं. चार वर्षांनी आला होता, त्याचं मन मोडवलं नाही. खरं कारण एवढंच.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी या तिघांच्या म्हणण्याचा थोडा निवाडा करतो, कारण नंतर मी त्यावर बरंच वाचलं.

आधी हिचा मुद्दा. सिंथेटिकला आपल्याकडे संश्लेषित असा शब्द आहे. विश्लेषण म्हणजे सुटं सुटं करणं, संश्लेषण म्हणजे जोडून घडवणं. साधं खनिज तेल म्हणजे जमिनीतलं कच्चं तेल गाळून, शुद्ध करून घेतलेलं. त्यात लहानमोठे सगळे रेणू येतात, कणगीत सगळ्या प्रकारचं धान्य मिसळलेलं असावं तसे. संश्लेषित तेलात हवे तेवढ्याच आकाराचे रेणू रसायनशाळेत घडवतात. म्हणजे नकली नव्हे, निवडलेलं. गंमत अशी की आज सिंथेटिक म्हणून विकलं जाणारं बरंचसं तेल हेही कच्च्या तेलावर हायड्रोजनची जबर प्रक्रिया करून केलेलं असतं. याला सिंथेटिक म्हणावं की नाही यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या कंपन्यांमध्ये वाद झाला होता. १९९९ साली तिथल्या जाहिरातींची तक्रार ऐकणाऱ्या मंडळाने निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला, म्हणजे अशा तेलालाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही असं ठरलं. तेव्हा डब्यावरच्या या एका शब्दाने फार हुरळून जाऊ नये आणि दचकूही नये.

आता मेकॅनिकचा मुद्दा. त्याची भीती हवेतली नाही, फक्त जुनी आहे. जेट विमानांच्या इंजिनात संश्लेषित तेल आधीपासून वापरात होतं. अमेरिकेत लढाऊ विमान चालवणाऱ्या आल्बर्ट अमाटुझिओ नावाच्या वैमानिकाने ते मोटारीसाठी आणलं, त्याचं अ‍ॅमसॉइल १९७२ चं. मोबिल १ हे १९७४ चं. त्या सुरुवातीच्या तेलांमध्ये रबरी सीलांचा खरंच त्रास होता. एका प्रकारच्या तेलाने सील आकसायचे, दुसऱ्या प्रकाराने फुगायचे. मग कारखानदारांनी दोन्हींचा मेळ घातला, त्यात सीलांना जपणारी द्रव्यं घातली, आणि तो प्रश्न कधीच मिटला. पण गॅरेजमध्ये उस्तादाकडून शागिर्दाकडे ज्ञान जातं तसं भयही जातं. पन्नास वर्षांपूर्वीचं ते भय अजून साताऱ्यात नोकरी करतंय!

त्याच्या म्हणण्यात एक धागा मात्र आजही खरा आहे. ज्या इंजिनात वर्षानुवर्षं तेल वेळेवर बदललेलं नाही, तिथे काळा गाळ साठतो. एखादं पॅकिंग फाटलेलं असलं तरी तो गाळ तिथे लिंपून बसलेला असतो. नवं तेल, मग ते सिंथेटिक असो की चांगल्या प्रतीचं साधं, हळूहळू हा गाळ धुतं, आणि भोक उघडं पडतं. लोक म्हणतात तेलाने गळती लावली. गळती आधीचीच असते, फक्त झाकलेली. घराला रंग देताना पोपडे खरवडले आणि भिंतीची भेग दिसली, तर दोष रंगाऱ्याचा नसतो.

आणि दही होण्याचं म्हणाल तर तसं काही होत नाही. इंजिनाची साधी आणि सिंथेटिक तेलं एकमेकांत मिसळतात. अर्धसिंथेटिक म्हणून जे विकतात ते म्हणजे या दोन्हींचं मिश्रणच असतं. सिंथेटिक घालून परत साध्यावरही येता येतं. हे मी वाचून सांगतो आहे तसं भोगूनही सांगतो आहे. ते पुढे येईलच.

आता चिरंजीव. त्याचंही खरं होतं, पण मिशिगनमध्ये. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हा विंटरचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं तेल कडाक्याच्या थंडीत वाहतं. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांला घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ ला. मुलाच्या गावी जानेवारीत उणे २० होतं, तिथे सकाळी साधं जाड तेल गुळाच्या काकवीसारखं होईल. साताऱ्यात थंडीत पारा १० च्या खाली गेला तर आम्ही एकमेकांना फोन करून सांगतो. मागचा आकडा, ३० किंवा ४० किंवा ५०, हा इंजिन तापल्यावरच्या घट्टपणाचा. आपल्याकडे जुन्या, झिजलेल्या इंजिनाच्या दृष्टीने हा आकडा जास्त मोलाचा. भाग घासून फटी वाढलेल्या असतात, तिथे फार पातळ तेल धरून राहत नाही, रिंगांवरून वर जाऊन जळतं.

इथे एक घोटाळा सर्रास होतो, आणि आमच्या घरातल्या तिघांचाही झाला होता. सिंथेटिक की साधं हा एक प्रश्न आहे आणि पातळ की जाड हा दुसरा. आम्ही दोन्ही एकच समजून भांडत होतो. सिंथेटिक तेल १०डब्ल्यू-४० मध्ये मिळतं, १५डब्ल्यू-५० मध्येही मिळतं. मेकॅनिकची तक्रार खरं तर पातळपणाबद्दल होती, आणि मुलाची भलामण सिंथेटिकपणाबद्दल. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

असो. गोष्टीकडे येतो.

तेल घातलं. गाडी खरोखर हलकी चालायला लागली, सकाळचा सुरुवातीचा टकटक आवाज कमी झाला. मीही खूश. आणि नकळत एक गोष्ट झाली. मुलगा म्हणाला होता, दहा हजार किलोमीटर बदलायला नको. मी ऐकलं, दहा हजार किलोमीटर बघायला नको. बदलणं आणि बघणं! पस्तीस वर्षं मुलांना शब्दांच्या अर्थछटा शिकवणाऱ्या माणसाने हा फरक गिळून टाकला. इतकं महागाचं तेल, मुलाने निवडून आणलेलं, ते काय कमी होणार? डिसेंबरच्या एक तारखेला थंडी होती म्हणून राहिलं. जानेवारीत लग्न होतं. फेब्रुवारीत आठवणही झाली नाही. बारा वर्षांची सवय तीन महिन्यांत सुटली.

२०१९ चा जुलै. हिच्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती, त्यासाठी दर महिन्याला पुण्याला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागायचं. त्या दिवशी इंजेक्शन घेऊन आम्ही परत निघालो. हिच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात औषधाने धूसर. शिरवळ सोडलं आणि पाऊस लागला. खंबाटकी घाट चढायला लागलो, तर एका वळणावर लाल दिवा लुकलुकला. तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला. वळण संपलं, दिवा गेला. मला वाटलं भास झाला. पुढच्या वळणावर पुन्हा. मग तो लागला तो लागलाच.

तो दिवा म्हणजे तेल कमी झाल्याची सूचना असते असं मी समजत होतो. तसं नसतं. तो तेलाचा दाब गेल्याचा दिवा असतो. म्हणजे पंपाला ओढायला तेलच मिळत नाही, आणि धातूवर धातू घासतो आहे. चढावर आणि वळणावर चेंबरमधलं उरलंसुरलं तेल एका बाजूला जातं, म्हणून तो आधी वळणांवर लुकलुकतो. तो लागला की पुढचं गाव गाठू, घाट संपू दे, असला विचार करायचा नसतो. तिथेच थांबायचं. मला हे माहीत नव्हतं. घाबरलो म्हणून थांबलो, एवढंच माझं नशीब.

गाडी कडेला घेतली. पाऊस, शेजारून ट्रक जातायत, दरवेळी गाडी हलते. ही आत बसलेली, तिला काही दिसत नाही. "काय झालं हो?" म्हणून दोनदा विचारलं. मी म्हणालो, काही नाही, जरा तापलीय. बॉनेट उघडून पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. कोरडी. टोकाला थेंबसुद्धा नाही. बारा वर्षं दर महिन्याला जी पट्टी मी हातात घेतली, ती आठ महिन्यांनी हातात घेतली तर कोरडी. मला त्या क्षणी पावसात उभं राहून इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. कोणी बघत नव्हतं तरी.

एक ट्रकवाला थांबला. पोरसवदाच होता. पट्टी बघितली आणि म्हणाला, "बाबा, तेल बघता का न्हाई कधी?" मी काय उत्तर देणार? त्याने आपल्या केबिनमधून डबा आणला. ट्रकच्या इंजिनाचं साधं तेल. मला मेकॅनिकचं दही आठवलं, पण बोललो नाही. जवळजवळ दोन लिटर तेल आत गेलं तेव्हा पट्टीच्या वरच्या खुणेला लागलं. आमच्या इंजिनात तेल मावतंच साधारण तीन लिटर! किल्ली फिरवली. दिवा लागला आणि क्षणात विझला. पोराने पैसे घेतले, पण तेलाचेच. हळूहळू साताऱ्याला आलो. दही वगैरे काही झालं नाही. हिला सगळा प्रकार मी दोन दिवसांनी सांगितला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक म्हणाला, "सर, मी म्हणलं नव्हतं का?" मी मुकाट्याने डायरी काढली. २०१६, १७, १८ या तीन वर्षांच्या नोंदी दोघांनी मिळून वाचल्या. साध्या तेलावरही गाडी साधारण तीन हजार किलोमीटरला एक लिटर तेल खात होती. मी दर महिन्याला थोडी थोडी भर घालत होतो म्हणून ते कधी जाणवलंच नाही. नव्या तेलावर ४,३०० किलोमीटर झाले होते, आणि पावणेदोन लिटरच्या आसपास गेलं होतं. म्हणजे खाणं थोडं वाढलं होतं, पण गाडी खादाड आधीपासूनच होती. बदललं होतं ते माझं बघणं. पोरगं बराच वेळ डायरीकडे बघत राहिलं, मग म्हणालं, "सर, चूक तेलाची नाही मग." काठावर पास झालेल्याने इतिहासाची साधनं पहिल्यांदा नीट वाचली, असं मला वाटलं.

त्याने टॅपेट कव्हरचं पॅकिंग ओलं होतं ते बदललं. तेल मी सिंथेटिकच ठेवलं, पण १०डब्ल्यू-४० घेतलं. खाणं पुन्हा तीन हजाराला लिटरच्या आसपास आलं. आता गाडीचे १,५२,००० झाले आहेत, २०२१ मध्ये फेरनोंदणीही झाली, आणि इंजिन अजून एकदाही खोललेलं नाही. एका गाडीच्या डायरीवरून सगळ्या गाड्यांना नियम लावता येत नाही हे मला कळतं. पण माझं मत मी मांडतो.

जुन्या गाडीला सिंथेटिक चालतं. इंजिन फुटेल, गळेल, परत फिरता येणार नाही, या भीतीपायी थांबू नये. मात्र आधी गळती असेल तर ती काढून घ्यावी, ज्या गाडीचा पूर्वेतिहास माहीत नाही तिच्यात पहिलं तेल जरा लवकर बदलावं, आणि ग्रेड गाडीच्या पुस्तिकेतल्या तापमानाच्या तक्त्यात बसणारी घ्यावी. इंजिन तेल खात असेल तर त्या तक्त्यातली जाड बाजू धरावी. डबा खात्रीच्या दुकानातून, सीलबंद घ्यावा, आणि रिकामा झाला की भोक पाडून टाकावा, नाहीतर तोच डबा भेसळीचं तेल भरून पुन्हा बाजारात येतो.

पण सिंथेटिक हे म्हाताऱ्या इंजिनाचं च्यवनप्राश नाही. झिजलेला धातू ते भरून काढत नाही. तीव्र उष्णतेत ते कमी विघडतं, कमी उडून जातं, जास्त दिवस टिकतं, हे खरे गुण. टर्बो असलेल्या नव्या गाड्यांना ते लागतंच. पण आमच्यासारख्या पेन्शनरची गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणार, त्यातली निम्मी मंडईपर्यंतची. दोन किलोमीटरमध्ये इंजिन धड तापतही नाही, तेलातलं पाणी आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. अशा गाडीचं तेल किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला बदलावंच लागतं. मग दहा हजारांच्या टिकाऊपणाचे दुप्पट पैसे मोजून आपल्याला मिळतं काय? थोडी हलकी सुरुवात आणि उन्हाळ्यातल्या पुण्याच्या फेरीला थोडं जास्त संरक्षण. मला तेवढं पुरतं म्हणून मी घालतो. ज्याला परवडत नाही त्याने चांगलं साधं किंवा अर्धसिंथेटिक वेळेवर बदललं तर त्याच्या गाडीचं काही बिघडत नाही. कमीपणा तर मुळीच वाटून घेऊ नये.

आणि पुतण्यासाठी खास सूचना: उरलेलं तेल मोटरसायकलमध्ये ओतू नकोस. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. गाडीच्या तेलातली घर्षण कमी करणारी द्रव्यं त्याला घसरवतात. बाइकच्या डब्यावर जासो एमए असं लिहिलेलं बघून घ्यावं.

मला विचाराल तर धोका तेलात नव्हता, ते महाग असण्यात होता. महागाची वस्तू घेतली की आपल्याला वाटतं, आता आपली जबाबदारी तिने घेतली. चांगल्या शाळेत घातलं की पोराची वही बघायची नाही, चांगला डॉक्टर गाठला की पथ्य पाळायचं नाही. शिक्षक म्हणून असल्या पालकांवर मी किती रागावलो असेन. आणि स्वतः गाडीच्या बाबतीत तेच केलं, तेही शेजारी बायको डोळ्यावर पट्टी बांधून बसलेली असताना.

सध्या पुन्हा दर एक तारखेला बॉनेट उघडतो. सपाट जागा, इंजिन बंद करून पाच मिनिटं, पट्टी पुसायची, घालायची, बघायची. हिचा डोळा आता बरा आहे. ती खिडकीतून विचारते, "झाली का वही तपासून?" मुलगाही व्हिडिओ कॉलवर हल्ली तेलाची जात विचारत नाही. "बाबा, पट्टी बघितलीत ना?" एवढंच विचारतो.

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: घाल सिंथेटिक, ४० च्या ग्रेडचं, पुस्तिकेत बसत असेल तर. पण त्याआधी उद्या सकाळी गाडीची पट्टी काढून बघ, आणि किती निघालं ते मला फोन करून सांग.